मधुमेहामागची धुमसती आग
पायात काटा रुतला की जागा लाल होते, सुजते, ठणकते. रोगप्रतिकारक पेशी जंतूंशी लढत असल्याची ही खूण, म्हणजेच दाह. जखम भरली की तो शमतो. पोटात चरबी साठली की मात्र असाच सौम्य दाह न दुखता वर्षानुवर्षे धुमसतो. फुगलेल्या चरबीपेशींभोवती भक्षक पेशी गोळा होतात, टीएनएफ-अल्फासारखी रसायने सोडतात. त्यांच्यामुळे पेशी इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत आणि साखर रक्तातच राहते. टीएनएफ-अल्फाचा हा दुवा उंदरांमध्ये १९९३ मध्ये दिसला.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले, की सडपातळ भारतीयांच्या अंगातही चरबीचे प्रमाण जास्त असू शकते. म्हणून सोलापुरात यंत्रमागावर राबणाऱ्या कामगारांनी, तासन्‌तास बसून विड्या वळणाऱ्या मावशींनी ‘मी तर बारीक आहे’ म्हणून निर्धास्त राहू नये; कमरेचा घेर मोजावा, साखर तपासावी. हिरड्यांचा जुनाट दाहही साखर आटोक्यात येऊ देत नाही. म्हणून तंबाखूची मिश्री सोडावी, दात तपासून घ्यावेत. रोजचे चालणे, पुरेशी झोप आणि बेताचे जेवण ही आग शमवायला मदत करतात. औषधे मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नयेत.