राबाचा धूर जातो कुठं?

उन्हाळा चढला की शहापूरकडच्या डोळखांबच्या शेतांत, भाताच्या रोपांची जागा तयार करायला, राब भाजायला सुरुवात होते. कवळं, पाला, गवत, शेण धडधडून पेटतं आणि धुराचे लोट आजोबाच्या डोंगराकडे सरकतात. थोड्या वेळानं आभाळ निवळतं. मग तो धूर गेला कुठं?

काजळी बरीचशी आसपासच खाली बसते. पण धुरातला कार्बन डायऑक्साइड वायू साऱ्या पृथ्वीच्या हवेत मिसळत जातो. एक-दोन वर्षांत त्याचा अंश थेट अंटार्क्टिकावर पोचतो!

तिथं आतल्या भागात पडलेलं हिम वितळतच नाही. थरावर थर चढत राहतात. साधारण 60 ते 100 मीटर खाली गेलं की वरच्या भारानं हिमाचा घट्ट बर्फ होतो आणि मधली हवा बुडबुड्यांत कोंडली जाते. शास्त्रज्ञ पोकळ, दातेरी नळीनं खोल भोक पाडून या बर्फाचे दंडगोल वर काढतात.

असे दंडगोल आपल्या शेजारी गोव्यातही आहेत. वास्कोच्या सड्यावर राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डिसेंबर 1981 मध्ये गोव्याहूनच निघाली होती. बाहेर घामाच्या धारा, आणि केंद्राच्या बर्फखोलीत उणे 20 अंश! जाड कोट चढवल्याशिवाय आत पाऊल टाकायची सोय नाही.

हवाबंद भांड्यात हा बर्फ चुरला की कोंडलेली जुनी हवा मोकळी होते आणि तिच्यात कोणता वायू किती, ते मोजता येतं. पण तेव्हा थंडी किती होती, हे कसं कळतं? मला तर हीच युक्ती सगळ्यात आवडते. पाण्याचे काही रेणू इतरांपेक्षा जरा जड असतात. अरबी समुद्रावरचे ढग शहापूर-मुरबाडला भरपूर पाणी ओततात आणि नाणेघाटापलीकडे जुन्नरला हलके होऊन जातात ना? तसे ध्रुवाकडे निघालेल्या ढगांतले जड रेणू वाटेतच जास्त गळतात. थंडी जितकी कडक, तितकी गळती मोठी. म्हणून ज्या थरात जड रेणू कमी, तो थर जास्त थंड काळातला!

आणि थर किती जुना, ते कसं ठरवायचं? 1815 साली इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला, त्याच्या आम्लाची खूण दोन्ही ध्रुवांच्या बर्फात सापडते. अशा खुणांवरून थरांचं वय पक्कं करता येतं.

अंटार्क्टिकातल्या डोम सी इथं तीन किलोमीटरहून खोल गेल्यावर 8 लाख वर्षांपूर्वीचा बर्फ मिळाला. त्यातल्या हवेवरून कळलं, की हिमयुगांत हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे 180च्या आसपास भाग होते, आणि उबदार काळातही 300च्या वर फारसे कधी गेले नाहीत. आज ते 420हून जास्त आहेत. यात राबाला दोष देऊ नका. त्यातून सुटलेला वायू पावसाळ्यात फुटणारा पाला आणि गवत बराचसा परत शोषून घेतात. ही वाढ झाली ती मुख्यतः जमिनीखालचा कोळसा आणि तेल जाळल्यामुळे.

जानेवारी 2025 मध्ये युरोपीय शास्त्रज्ञांनी डोम सीजवळच 2,800 मीटर खोल जाऊन 12 लाख वर्षांहून जुना बर्फ काढला. एके काळी हिमयुगं साधारण 41 हजार वर्षांनी येत. दहाएक लाख वर्षांपूर्वी हे अंतर वाढत वाढत लाखभर वर्षांवर गेलं. का? तेव्हाच्या हवेत कार्बन डायऑक्साइड घटला होता का, याचा शोध आता या बुडबुड्यांतून घ्यायचा आहे.