गृहोपयोगी नलिका-विवर्धकाची निवड

विद्युत् गिटारसाठी विवर्धक (अँप्लिफायर) घेताना ‘किती वॅटचा?’ हा प्रश्न प्रथम विचारला जातो, आणि अधिक वॅटचा तो अधिक चांगला असे गृहीत धरले जाते. निर्वात नलिकांच्या, म्हणजे व्हॉल्व्हच्या, विवर्धकाबाबत हा समज चुकीचा होय. भंडारा जिल्ह्यातील सिहोऱ्यासारख्या गावातील घर डोळ्यांसमोर ठेवून या प्रश्नाचा येथे विचार करावयाचा आहे.

प्रथम ध्वनीच्या तीव्रतेचा विचार करू. शक्ती दुप्पट केल्यास तीव्रता अवघी ३ डेसिबलांनी वाढते. आवाज कानाला दुप्पट वाटण्यास शक्ती सुमारे दसपट करावी लागते. १ वॅट शक्तीस १ मीटर अंतरावर ९५ डेसिबल ध्वनी देणारा लाऊडस्पीकर घेतला, तर मोकळ्या जागेत १० मीटरांवर सुमारे ७५ डेसिबल ध्वनी पोहोचतो. निवासी क्षेत्रासाठी २००० सालच्या नियमांनी ठरविलेली मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल आहे. म्हणजे घरात १ वॅटदेखील थोडा नव्हे.

मग लहान विवर्धकच का घ्यावा? मोठ्याचा आवाज कमी ठेवला तर चालणार नाही काय? याचे उत्तर नलिकेच्या स्वभावात आहे. पूर्ण शक्तीच्या जवळ येताच नलिका ध्वनिलहरीची शिखरे हळूहळू दाबू लागते; त्यातून नवे उपस्वर निर्माण होतात आणि वादकाला प्रिय असलेला भरदार नाद उमटतो. ५० वॅटचा विवर्धक घरात त्या अवस्थेपर्यंत नेताच येत नाही. १ ते ५ वॅटचा, एकाच शक्तिनलिकेवर चालणारा विवर्धक तेथे लवकर पोहोचतो. शक्ती आणखी उतरविण्याची सोय त्यात असल्यास उत्तम. लाऊडस्पीकरची संवेदनक्षमताही पाहावी. तीतील ६ डेसिबलांचा फरक चौपट शक्तीच्या तोडीचा असतो.

दुसरा प्रश्न विजेच्या दाबाचा. अमेरिकेतील वापरासाठी बनविलेली यंत्रे १२० व्होल्टवर चालतात; ती आपल्या २३० व्होल्टवर थेट जोडल्यास जळतील. शिवाय अनेक नलिकांच्या तापकतारेस ६.३ व्होल्ट लागतात. घरातील दाब १९० व्होल्टपर्यंत उतरला, तर तारेस सुमारे ५.२ व्होल्टच मिळतात. नलिकांसाठी सामान्यतः दहा टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. येथे तो सतरा टक्क्यांहून अधिक होतो. दाब वारंवार उतरत असल्यास स्टॅबिलायझरचा खर्च किमतीतच धरावा.

तिसरी बाब दुरुस्तीची. ईसीसी ८३ व ईएल ८४ या नलिकांचे उत्पादन आजही चालू आहे. अशा प्रचलित नलिकांचेच यंत्र घ्यावे. दुर्मिळ नलिकेचे जुने यंत्र स्वस्त मिळाले, तरी नलिका निकामी होताच ते अडगळीत जाते.

सर्वांत महत्त्वाची बाब सुरक्षिततेची. या यंत्रात ३०० व्होल्टच्या आसपास दाब असू शकतो, आणि वीज बंद केल्यावरही धारित्रांत (कंडेन्सरमध्ये) तो काही काळ टिकून राहतो. म्हणून मागील झाकण हौसेने उघडू नये. गिटारच्या तारा यंत्राच्या धातूच्या सांगाड्याशी जोडलेल्या असतात. यास्तव घरातील अर्थिंग तपासल्यावाचून वादन करू नये. लाऊडस्पीकर जोडल्याशिवाय यंत्र चालविल्यास त्याचे रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) निकामी होण्याचा संभव असतो.

सारांश, वॅटच्या आकड्यावर खर्च करण्यापेक्षा चांगला लाऊडस्पीकर, स्थिर दाब व निर्दोष अर्थिंग यांवर तो करणे श्रेयस्कर. शेजाऱ्याची झोप न मोडता रोज तासभर वाजविता येणारे यंत्रच घरासाठी योग्य यंत्र होय.