सीमेपलीकडचा ताबा

भारतात कौटुंबिक न्यायालये असावीत, ही कल्पना एका परदेश दौऱ्यातून आली. १९५३ मध्ये समाजकार्यकर्त्या दुर्गाबाई देशमुख चीनला गेल्या, तिथल्या कौटुंबिक न्यायालयांचे कामकाज त्यांनी पाहिले. परतल्यावर न्या. छागला आणि न्या. गजेंद्रगडकर यांच्याशी चर्चा करून त्यांनी पंडित नेहरूंपुढे प्रस्ताव ठेवला. कायदा व्हायला १९८४ उजाडले आणि पुण्या-मुंबईत ही न्यायालये प्रत्यक्ष सुरू झाली ती १९८९ मध्ये. नवरा-बायकोचा तंटा शेतजमिनीच्या दाव्यासारखा लढवू नये, आधी समेटाचा प्रयत्न व्हावा, न्यायाधीशांच्या मदतीला समुपदेशक असावेत, हे आज आपल्या अंगवळणी पडले आहे.

अशी देवघेव इतरत्रही झाली. जर्मनीत मोझेल नदीकाठच्या कोखेम या लहानशा गावात १९९२ पासून न्यायाधीश युर्गेन रुडोल्फ यांनी वकील, समुपदेशक आणि बालकल्याण अधिकारी यांना नियमित एका टेबलाशी बसवायला सुरुवात केली. अर्जात एकमेकांवर चिखलफेक करायची नाही, हे वकिलांनीच मान्य केले. पहिली तारीख दोन-तीन आठवड्यांत पडू लागली. पुढे बेल्जियममधल्या दिनां इथल्या न्यायालयाने ही रीत उचलली. ऑस्ट्रेलियाने २००६ पासून न्यायालयाच्या आवाराबाहेर ६५ कुटुंब-संबंध केंद्रे उभी केली. मुलांबाबतचा वाद न्यायालयात नेण्याआधी तडजोडीचा प्रयत्न तिथे सक्तीचा आहे. घरात मारहाण होत असेल तर त्यातून सूट मिळते. ही सूट मला फार मोलाची वाटते, कारण मार खाणाऱ्या बाईला तडजोडीच्या टेबलाशी बसवणे हा न्याय नव्हे.

पण खरी कसोटी लागते ती आई एका देशात, बाप दुसऱ्या देशात आणि मूल मध्ये, अशी वेळ येते तेव्हा. पुणे, ठाणे, नाशिक इथल्या कितीतरी घरांतली मुले-मुली आज न्यू जर्सी, लंडन, सिडनीला संसार करत आहेत. त्यांच्यातला एखादा संसार मोडला की कुणीतरी मुलाला घेऊन इकडे येते आणि उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसची, म्हणजे मुलाला न्यायालयापुढे हजर करण्याची मागणी करणारी, याचिका दाखल होते.

अशा मुलांसाठी १९८० चा हेग करार आहे. सोळा वर्षांखालच्या मुलाला चुकीच्या रीतीने दुसऱ्या देशात नेले आणि वर्षाच्या आत अर्ज आला, तर मूल साधारणपणे मूळ देशात परत पाठवायचे. ताब्याचा निर्णय तिथले न्यायालय करील. करारात शंभराहून अधिक देश आहेत. भारत नाही. कराराच्या वेळी नजरेसमोर होता तो मूल पळवणारा बाप. प्रत्यक्षात मूल घेऊन जाणाऱ्यांत सुमारे तीन-चतुर्थांश आया आहेत आणि त्यांतल्या अनेक जणी छळातून सुटून माहेरी आलेल्या असतात. नवऱ्याच्या व्हिसावर गेलेली, कामाची परवानगी नसलेली बाई परत जाऊन परदेशी वकिलाची फी कुठून भरणार? भारत या करारापासून दूर राहिला त्यामागची ही भीती खरी आहे आणि तिची टिंगल करणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण तितकीच खरी दुसरी बाजूही आहे. बापानेच मूल गावी आजी-आजोबांकडे आणून ठेवले, तर परदेशात अडकलेल्या आईलाही या कराराचा आधार मिळत नाही. विधी आयोगाने २०१६ मध्ये आणि न्या. राजेश बिंदल समितीने २०१८ मध्ये या प्रश्नावर अहवाल दिले. कायदा झालेला नाही.

माझे म्हणणे असे, की कराराची वाट पाहत थांबायचे कारण नाही. ब्रिटन आणि पाकिस्तानच्या न्यायाधीशांनी जानेवारी २००३ मध्ये लंडनमध्ये आपसांत एक सामंजस्य केले: मूल जिथे नेहमी राहते, तिथल्या न्यायालयाने निर्णय करावा आणि दोन्ही देशांनी संपर्कासाठी एकेक न्यायाधीश नेमावा. पाकिस्तान हेग करारात आला तो त्यानंतर तेरा वर्षांनी. अशाच संपर्क न्यायाधीशांच्या हेगच्या जाळ्यात आज ऐंशीहून अधिक देशांतले न्यायाधीश आहेत. ते एकमेकांना थेट फोन करतात. दोन्ही पक्षांना त्याची कल्पना दिली जाते, बोलण्याची नोंद राहते आणि खटल्याच्या गुणदोषांवर चर्चा होत नाही. तिकडे आईला राहायला जागा मिळेल का, तिच्यावर फौजदारी तक्रार आहे का, तारीख कधी लागेल, एवढेच विचारले जाते.

न्यायाधीशांमधल्या संपर्काचा हा धागा नसला की काय होते, ते आपण पाहिले आहे. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका मुलाचा ताबा केनियातल्या वडिलांना देताना नैरोबीच्या न्यायालयाकडून तशाच आशयाचा आदेश, म्हणजे मिरर ऑर्डर, आणण्याची अट घातली. पुढे वडिलांनी दिलेली हमी पाळली गेली नाही आणि २०२१ मध्ये न्यायालयाला आपला आदेश मागे घ्यावा लागला. मूल तोवर देशाबाहेर गेले होते.

मध्यस्थीचे मला सर्वाधिक पटलेले उदाहरण जर्मनी आणि पोलंडचे आहे. २००७ च्या व्रोत्सवाफ जाहीरनाम्यानुसार अशा वादात दोन मध्यस्थ बसतात: एक स्त्री, एक पुरुष, एक या देशाचा, एक त्या देशाचा, एक कायद्यातला, एक मानसशास्त्र किंवा समाजकार्यातला. दोघांनाही आईबापांच्या भाषा कळतात. सुनावणीसाठी परदेशातून आलेल्या पालकाला गाठून दोन-तीन दिवसांत बोलणी उरकतात. सणवार कुणाकडे, उन्हाळ्याची सुट्टी कुणाकडे, आजीशी व्हिडिओ कॉल कोणत्या वारी, विमानाचे तिकीट कोण काढणार, असे सगळे कागदावर येते आणि मग तो कागद दोन्ही देशांतल्या न्यायालयांपुढे जातो.

आपल्याकडेही अशी व्यवस्था जमेल: लंडनला समुपदेशन करणारी मराठी माणसे आहेत, पुण्यात इंग्लंडचा कायदा जाणणारे वकील आहेत. त्यांच्या जोड्या लावून यादी करता येईल. मुंबई उच्च न्यायालयाकडून एका संपर्क न्यायाधीशाची नेमणूक मागता येईल. आणि मूल परत पाठवायचेच ठरले, तर आईचा व्हिसा, राहण्याची सोय आणि वकिलाची फी यांची हमी तिकडच्या न्यायालयाच्या आदेशात आधी उतरली पाहिजे. मुलाचे तिकीट त्यानंतर काढावे.