बोटीवर दुखणं लपवायचं नाही

दादरला राहणाऱ्या एका निवृत्त मुख्याध्यापिकेच्या कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने एक वहीचा कागद चिकटवलेला आहे. त्यावरची पहिली ओळ आहे : ‘गोळ्या, इन्सुलिन, ईसीजी – खांद्यावरच्या पिशवीत.’ शेवटची ओळ लाल शाईने लिहिलेली आहे : ‘दुखणं लपवायचं नाही.’ मधल्या ओळी दर प्रवासानंतर वाढत गेल्या. बाईंच्या आतापर्यंत नऊ क्रूझ झाल्या आहेत. पहिली सिंगापूरहून निघालेली, शेवटची अलास्काची, मधल्या काळात मुंबई–गोवासुद्धा. सोबत दर वेळी यजमान. त्यांना वीस वर्षांपासून मधुमेह आहे.

कागदावरची पहिली ओळ पहिल्याच प्रवासाने शिकवली. जहाजावर चढण्यापूर्वी मोठ्या बॅगा हमालांच्या ताब्यात द्याव्या लागतात आणि त्या केबिनच्या दारात पोहोचेपर्यंत कित्येक तास जातात. इन्सुलिन बॅगेत होते. दुपारी दिलेली बॅग रात्री नऊला आली. तोपर्यंत यजमान बुफेमधून दोनदा फिरून आले होते. रात्री साखर मोजली तेव्हा ग्लुकोमीटरने जो आकडा दाखवला, तो पाहून बाईंनी रात्र जागून काढली. तेव्हापासून सगळी औषधे हातातल्या पिशवीत, आणि प्रवासाच्या दिवसांपेक्षा आठवडाभर जास्त. विमान चुकू शकते, वादळामुळे जहाज एखादे बंदर गाळू शकते, परतीला उशीर होऊ शकतो. भर समुद्रात औषधाचे दुकान नसते. जहाजाच्या दवाखान्यात असलेल्या गोळ्या आपल्या ब्रँडच्या असतीलच असे नाही, म्हणून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहून घ्यावे आणि गोळ्या डबीत सुट्या न नेता पाकिटासकट न्याव्यात.

केबिनमधला छोटा फ्रिज शीतपेयांसाठी असतो. त्यात कधी पुरेसा थंडावा नसतो, तर कधी मागच्या बाजूला बर्फ धरतो. गोठलेले इन्सुलिन नंतर वितळले तरी निकामीच. वापरात असलेले पेन बाहेरच्या साध्या तापमानात साधारण चार आठवडे चालते आणि जहाज वातानुकूलित असतेच. न उघडलेला साठा दवाखान्याच्या फ्रिजमध्ये ठेवण्याची विनंती करता येते. खोकल्याची कोडीनयुक्त औषधे आणि ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या काही देशांत परवानगीशिवाय नेता येत नाहीत, हे बंदरांची यादी हाती आल्यावर तपासून घ्यावे. औषधच कशाला, दुबई किंवा सिंगापूरहून जहाज पकडायचे असेल तर फराळाच्या डब्यातले अनारसेही घरीच ठेवावेत. तिथे खसखशीला बंदी आहे.

बोट लागण्याची भीती मात्र लोकांना गरजेपेक्षा जास्त वाटते, असे बाईंचे मत आहे. त्यांच्या आई कोकणबोटीने वेंगुर्ल्याला जात. भाऊच्या धक्क्यावरून निघाले की लिंबू आणि आलेपाक हातात धरून डेकवर बसायचे, ही त्यांची रीत. ती शास्त्रालाही फारशी सोडून नव्हती. आपल्या कानाच्या आतल्या भागात तोल सांभाळणारे इंद्रिय असते. ते मेंदूला सांगते की शरीर हलते आहे. बंद खोलीतले डोळे सांगतात की भिंत जागेवरच आहे. हे दोन निरोप जुळत नाहीत आणि मळमळ सुरू होते. डेकवर बसून क्षितिजाकडे पाहिले की डोळे आणि कान पुन्हा एकमताने बोलू लागतात. आल्याने काही जणांची मळमळ कमी होते. आजच्या मोठ्या जहाजांना हेलकावे कमी करणारे पंखे पाण्याखाली बसवलेले असतात, तरीही ज्याला गाडी लागते त्याने जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर केबिन घ्यावी. झोपाळ्याच्या टोकापेक्षा मधे कमी हिंदकळते, तसेच हे. वरची, टोकाची, बाल्कनीची केबिन महाग असते आणि हलतेही जास्त.

गोळीच्या बाबतीत दोन गोष्टी. ती उलटी सुरू झाल्यावर नव्हे, आधी घ्यायची. आणि साठीच्या पुढे ती शेजाऱ्याकडून मागून घ्यायची नाही. या गोळ्यांनी गुंगी येते, तोंड कोरडे पडते. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषाची लघवी अडू शकते, काचबिंदूच्या काही प्रकारांत डोळ्यातला दाब वाढू शकतो, पार्किन्सनच्या रुग्णाला सिनारिझिन त्रासदायक ठरते. घरून निघण्यापूर्वी नेहमीच्या डॉक्टरांना विचारण्याचे काम दोन मिनिटांचे आहे.

गुंगी आणि हलती जमीन एकत्र आली की पडण्याचा धोका वाढतो. केबिनच्या न्हाणीघराला बऱ्याचदा उंच उंबरठा असतो आणि खिडकी नसलेल्या केबिनमध्ये दिवा मालवला की स्वतःचा हातही दिसत नाही. बाई घरून रात्रीचा छोटा दिवा नेतात. नळाची धार बारीक ठेवण्याइतकाच हा साधा उपाय, पण मांडीचे हाड मोडण्यापासून वाचवणारा. जिन्यात एक हात कठड्यावर हवाच, हा खलाशांचा नियम त्यांनी यजमानांना सक्तीने लावला आहे. त्यामुळे मोबाइलवर फोटो काढत उतरणे बंद.

आता कागदावरच्या लाल ओळीकडे. ती दोन प्रसंगांतून आली.

पहिला प्रसंग भूमध्य समुद्रातला. सहलीच्या गटातल्या एका गृहस्थांना रात्री उलट्या आणि जुलाब झाले. दवाखान्यात कळवले तर केबिनमध्ये बसवून ठेवतील आणि रोमची सहल बुडेल, म्हणून ते गप्प राहिले. सकाळी नाश्त्याला आले, सगळ्यांबरोबर बुफेचे चमचे हाताळले. दोन दिवसांत त्याच गटातले सहा-सात जण आडवे झाले. त्यांत बाईही होत्या.

हे वर्णन नोरोव्हायरसला चपखल बसते. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या नॉरवॉक गावी १९६८ मध्ये एका शाळेत साथ आली होती. त्या साथीच्या नमुन्यांत हा विषाणू १९७२ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली दिसला आणि गावाचे नाव त्याला चिकटले. आजारी पडायला त्याचे अगदी थोडे कण पुरतात. लागण झाल्यावर १२ ते ४८ तासांत त्रास सुरू होतो, एक ते तीन दिवसांत थांबतो. पण बरे वाटू लागल्यानंतरही विष्ठेतून विषाणू बाहेर पडत राहतो, कधी कधी दोन आठवडे. दवाखान्याने लक्षणे थांबल्यावरही एक-दोन दिवस केबिनमध्येच राहायला सांगितले, तर ती शिक्षा नव्हे. तसे पाहता ही साथ जहाजांपेक्षा जमिनीवरच कितीतरी जास्त असते : वृद्धाश्रमांत, शाळांत, हॉटेलांत. जहाजावर ती मोजली जाते, म्हणून बातमी होते. अमेरिकेच्या सीडीसी या संस्थेने जहाजांच्या स्वच्छतेचा कार्यक्रम १९७५ मध्ये सुरू केला. त्यात १०० पैकी ८५ किंवा कमी गुण मिळालेले जहाज नापास ठरते. ‘आमच्याकडे पस्तीसला पास करायचो,’ असे बाई हसून सांगतात, पण आरक्षण करण्यापूर्वी ते गुण न चुकता पाहतात.

जेवणघराच्या दारात सॅनिटायझरचा फवारा घेऊन कर्मचारी उभा असतो. प्रवाशांना वाटते, काम झाले. या विषाणूवर अल्कोहोलचा फारसा परिणाम होत नाही. साबण आणि वाहते पाणी, किमान वीस सेकंद, याला पर्याय नाही. आपल्या लोकांसाठी आणखी एक बारकावा आहे. आपण पोळी हाताने खातो. हात धुऊन बुफेत जायचे, शेकडो लोकांनी धरलेला डाव धरायचा आणि त्याच हाताने पोळी मोडायची, तर आधीचे धुणे वाया गेले. बाई आधी ताट वाढून टेबलावर ठेवतात, मग हात धुतात, मग जेवतात. जेवण थोडे निवते. निवू द्यावे.

जुलाब झालेच तर ओआरएसचे एक लिटरचे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात घालावे, अर्धे पाकीट पेल्यात नव्हे. रक्तदाबाच्या काही गोळ्या, लघवी जास्त करणाऱ्या गोळ्या आणि मेटफॉर्मिन चालू असलेल्या माणसाच्या शरीरातले पाणी कमी झाले तर मूत्रपिंडावर ताण येतो. अशा दिवशी कोणती गोळी थांबवायची आणि कोणती थांबवायची नाही, हे डॉक्टरांकडून आधीच कागदावर लिहून आणावे. इन्सुलिन स्वतःच्या मनाने बंद करणे तर घातकच.

दुसरा प्रसंग अलास्काचा. मुलगा सिएटलला असतो. तिथून निघालेल्या जहाजावर दुसऱ्या दिवशी रात्री यजमानांच्या छातीत जडपणा आला, घाम फुटला. ते म्हणाले, ‘ॲसिडिटी आहे, चीज जास्त झालं.’ हे वाक्य सरकारी रुग्णालयांच्या अपघात विभागात रोज ऐकू येते आणि त्यामागे नेहमी पोटच असते असे नाही. मधुमेहात छातीत कळ न येता नुसता जडपणा, दम किंवा घाम एवढ्यावरच हृदयविकार भागवू शकतो. यजमानांना हे ठाऊक होते. पण जहाजावरच्या डॉक्टरची फी डॉलरमध्ये खात्यावर चढते हेही ठाऊक होते, आणि मुलाची सुट्टी वाया जाईल ही धास्तीही होती. त्यांनी पातळ औषधाचे दोन चमचे घेतले आणि अंधारात बसून राहिले. पहाटे तीनला बाईंना जाग आली.

मोठ्या जहाजांवर डॉक्टर, परिचारिका, ईसीजी, एक्स-रे, काही रक्ततपासण्या, हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र, कृत्रिम श्वासाची सोय असते. अँजिओप्लास्टी करण्याची सोय नसते, रक्तपेढी नसते. म्हणजे रुग्णाला स्थिर करून किनाऱ्यापर्यंत पोहोचवणे एवढेच तिथल्या डॉक्टरांच्या हाती असते. हेलिकॉप्टरलाही पल्ल्याची मर्यादा आहे, आणि धुक्यात ते येत नाही. त्या रात्री डॉक्टरांनी काढलेल्या ईसीजीत बिघाड दिसला. तो जुना की नवा, हा प्रश्न होता. बाईंच्या पिशवीत तीन महिन्यांपूर्वीचा ईसीजी होता. दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि उत्तर मिळाले : नवा. रक्ततपासणीनेही तेच सांगितले. उपचार तासाभरात सुरू झाले.

जहाज सकाळी जूनोला लागले. जूनो अलास्काची राजधानी असली, तरी बाहेरून तिथे यायला रस्ता नाही. यायचे-जायचे ते बोटीने किंवा विमानाने. यजमानांना हवाई रुग्णवाहिकेने सिएटलला परत आणले आणि स्टेंट बसवला. हृदयाचा थोडा भाग कमकुवत झाला, तो झालाच. रात्री अकरा ते पहाटे तीन हे चार तास कोणीही परत आणून देऊ शकत नाही, हे हृदयरोगतज्ज्ञांनी त्यांना सौम्य शब्दांत सांगितले. बाईंनी सौम्य शब्द वापरले नाहीत.

हवाई रुग्णवाहिकेच्या बिलाचा आकडा पाहून मुलगाही हादरला होता. विमा कंपनीने तो भरला, कारण अर्जात मधुमेह आणि रक्तदाब लिहिलेला होता आणि आधीच्या आजारांचे संरक्षण जास्तीचा हप्ता भरून घेतले होते. एजंट म्हणाला होता, ‘कशाला लिहिता, काकू? हप्ता वाढेल.’ आपल्याकडची नेहमीची आरोग्य विमा पॉलिसी परदेशात बहुधा लागू होत नाही. प्रवास विमा घेताना पॉलिसीत तीन गोष्टी शोधाव्यात : आधीचे आजार, जहाजावरचा उपचार आणि तिथून रुग्णाला हलवण्याचा खर्च. शेवटची गोष्ट बारीक अक्षरात असते. चष्मा लावून वाचावी.

बाकीच्या ओळी किरकोळ आहेत. गर्भवतीला प्रवासादरम्यान चोविसावा आठवडा लागणार असेल तर बहुतेक मोठ्या कंपन्या जहाजावर घेत नाहीत. सहा महिन्यांखालच्या बाळालाही घेत नाहीत. आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेतल्या पीतज्वराच्या देशांतून येणाऱ्याला भारतात परतताना लसीचे प्रमाणपत्र दाखवावे लागते आणि ते लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होते. फ्लूची लस निघण्यापूर्वी दोन आठवडे घ्यावी. लिफ्टऐवजी जिना, पण जेवणानंतर लगेच नव्हे. बुफेत आधी रिकाम्या हाताने एक फेरी मारायची, मग ताट उचलायचे. ही सूचना यजमानांसाठी आहे आणि ती फारशी पाळली जात नाही.

दहावी क्रूझ मुंबईहूनच, बॅलार्ड पिअरवरून, लक्षद्वीपची करायची असे आता घरात ठरते आहे. समुद्र शांत असतो म्हणून हिवाळ्यात. मधल्या मजल्यावरची केबिन पाहून ठेवली आहे, पैसे अजून भरलेले नाहीत. यजमानांची टूडी एको पुढच्या मंगळवारी आहे. तिचा अहवाल आला की मग.