घरचा सर्व्हर मित्रांना का सापडत नाही?
माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीचा सर्व्हर सहसा २५५६५ या पोर्टवर चालतो. घरातल्या वायफायवर खेळ रंगतो, बाहेरच्या मित्राला मात्र जोडणी मिळत नाही. अशा वेळी आधी राउटरमधला वॅन पत्ता पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल, तर बाहेर दिसणारा पत्ता तुमच्या एकट्याचा नाही. आयपीव्ही४ पत्ते अपुरे पडल्याने इंटरनेट कंपन्या अनेक घरांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. त्यासाठीच हा पट्टा २०१२ मध्ये राखून ठेवला गेला. मग पोर्ट फॉरवर्डिंग कितीही नीट केले, तरी बाहेरची जोडणी तुमच्या राउटरपर्यंत पोहोचतच नाही. कितीतरी मुलांच्या रात्री इथेच वाया जातात, याचे वाईट वाटते. कंपनीकडे स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मागा. तो आधीच असेल, तर संगणकाची फायरवॉल तपासा.