टाकीतलं शेवटचं पाणी

टँकरमधलं पाणी संपत आलं होतं, म्हणून ते भरून आणायला निघाले होते. २ डिसेंबर १९९८ची संध्याकाळ. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात, बॅलरॅट शहराच्या पश्चिमेला लिंटन नावाच्या छोट्या गावाजवळ जंगल पेटलं होतं. जीलाँगहून मदतीला आलेले दोन टँकर झाडीतल्या कच्च्या रस्त्याने चालले होते. आग त्यांच्या एका बाजूला होती, समोर नव्हती. तेवढ्यात वारा फिरला. इतका वेळ कडेकडेने जळणाऱ्या आगीने तोंड वळवलं आणि ती थेट रस्त्यावर चालून आली. दोन्ही टँकर ज्वाळांत सापडले. एकातली माणसं वाचली; दुसऱ्यातले पाचही जण गेले.

त्या पाच जणांना या कामाचा पगार मिळत नव्हता. ते जीलाँग वेस्ट ब्रिगेडचे स्वयंसेवक होते. आपापली कामं बाजूला ठेवून, ज्या गावाशी आपला काही संबंध नाही अशा गावची आग विझवायला ते गेले होते.

वणवा विझवणारा स्वयंसेवक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हिरवी फांदी तोडून धावत सुटलेला तरुण उभा राहतो. ऑस्ट्रेलियात या शब्दाचा अर्थ फार वेगळा आहे. तिथे ग्रामीण भागातलं अग्निशमन ही मुळात स्वयंसेवकांचीच व्यवस्था आहे, आणि तिच्या मदतीला थोडे पगारी लोक आहेत. न्यू साउथ वेल्स राज्याच्या ‘रूरल फायर सर्व्हिस’मध्ये सुमारे सत्तर हजार स्वयंसेवक आहेत आणि दोन हजारांच्या आसपास ब्रिगेड. व्हिक्टोरियाच्या ‘कंट्री फायर अथॉरिटी’त, म्हणजे सीएफएत, पन्नास हजारांहून अधिक. यात शेतकरी आहेत, शिक्षक आहेत, प्लंबर आहेत, निवृत्त आजी-आजोबा आहेत. ब्रिगेडचा कप्तान सदस्यांनी मतदानाने निवडलेला असतो. तो कदाचित गावातला गॅरेजवाला असेल, पण आगीच्या जागी त्याचा शब्द सगळे पाळतात. टोनी ॲबट हे न्यू साउथ वेल्सच्या सेवेतले जुने स्वयंसेवक. २०१३च्या ऑक्टोबरात, ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानपदी असतानाही, ते आपल्या ब्रिगेडबरोबर आगीवर गेले होते.

ही व्यवस्था कुणी एका बैठकीत आखली नाही. ती एकेका आगीनंतर वाढत गेली. १३ जानेवारी १९३९च्या ‘ब्लॅक फ्रायडे’ला व्हिक्टोरियात वणव्यांनी कळस गाठला. त्या हंगामात ७१ माणसं मेली आणि जवळपास वीस लाख हेक्टर जमीन जळाली. न्यायमूर्ती लेनर्ड स्ट्रेटन यांच्या चौकशी आयोगाने सगळ्यांची साक्ष घेतली, आणि यातल्या बहुतेक आगी माणसाच्याच हातून लागल्या हे स्पष्ट सांगितलं. गावोगावच्या विखुरलेल्या ब्रिगेडना एका छत्राखाली आणायला पुढची आणखी एक-दोन वर्षं वाईट जावी लागली. सीएफए उभी राहिली ती १९४५मध्ये. लोकांनी आधी बादल्या उचलल्या आणि सरकार मागून आलं, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. ब्रिगेड ही गावाची वस्तू आहे, वरून आलेलं खातं नव्हे, ही भावना तिथे अजून टिकून आहे ती त्यामुळेच.

आता पुन्हा लिंटनकडे, कारण तिथे काय झालं हे कळल्याशिवाय या कामातला धोका कळत नाही.

मोकळ्यावर पेटलेली आग वाऱ्याबरोबर लांबट आकार घेते. तिला पुढे एक तोंड असतं, दोन कुशी असतात आणि मागे टाच. तोंडाशी ज्वाळा उंच आणि वेगवान असतात, तिथे माणसाचं काम नाही. म्हणून पथकं टाचेकडून सुरुवात करतात आणि कुशीकुशीने आग आवळत पुढे सरकतात. दक्षिण-पूर्व ऑस्ट्रेलियात उन्हाळ्यातला सर्वांत वाईट दिवस असा असतो: सकाळपासून खंडाच्या आतल्या वाळवंटाकडून, वायव्येकडून, कोरडा भाजणारा वारा वाहतो. त्याच्याबरोबर आग आग्नेयेकडे लांबच लांब पट्ट्यासारखी पसरते. मग थंड हवेचा झोत येतो आणि वारा काही मिनिटांत नैर्ऋत्येकडून वाहू लागतो. हवा थंड झाली म्हणून हायसं वाटावं, तर नेमकं उलटं घडतं. त्या लांब पट्ट्याची आख्खी ईशान्येकडची कूस एकाएकी आगीचं तोंड होते. तासाभरापूर्वी अरुंद असलेलं तोंड आता अनेक पटींनी रुंद असतं, आणि कुशीवर काम करणारी माणसं त्याच्या वाटेत उभी असतात. १६ फेब्रुवारी १९८३ला, ‘ॲश वेन्सडे’च्या दिवशी, अप्पर बीकन्सफील्ड इथे याच फिरत्या वाऱ्याने सीएफएचे बारा स्वयंसेवक नेले. लिंटनला पंधरा वर्षांनी तेच झालं.

तेच पुन्हा झालं, ही गोष्ट तिथल्या लोकांना फार लागली. दीर्घ चौकशी झाली. आगीच्या कडेचा जो भाग वारा फिरल्यावर काही मिनिटांत जळून जाईल, त्याला अभ्यासकांनी ‘डेड मॅन झोन’ असं नाव दिलं आणि प्रत्येक स्वयंसेवकाला ते शिकवायला सुरुवात झाली. ठरावीक प्रशिक्षण पुरं केल्याशिवाय कुणालाही आगीवर पाठवायचं नाही, हा नियम झाला. आणि आणखी एक साधा नियम: टँकरमधलं पाणी कधीच पूर्ण संपवायचं नाही. समोर कुणाचं घर जळत असलं तरी टाकीत थोडं पाणी राखायचं, ते स्वतःच्या माणसांसाठी. आग अंगावर आलीच तर गाडीवर फवारा सुरू करायचा, खिडक्यांवर उष्णता अडवणारे पडदे ओढायचे, लोकरी ब्लँकेट पांघरून खाली वाकायचं आणि आगीचं तोंड वरून निघून जाईपर्यंत थांबायचं. मदतीला धावणाऱ्याच्या मनाला हा नियम किती जड जात असेल याची कल्पना करता येते. पण तो पाळल्यामुळेच कित्येक जण घरी परतले आहेत.

नव्या स्वयंसेवकाला पहिल्या महिन्यांत जे शिकवतात त्यात शौर्य कमी आणि झाडलोट जास्त असते. आग जगते ती उष्णता, प्राणवायू आणि जळण या तिघांवर. रानात यातली एकच गोष्ट खात्रीने माणसाच्या हातात येते, ती म्हणजे जळण. म्हणून आगीच्या वाटेवरचा पालापाचोळा, गवत, काटक्या खरवडून उघड्या मातीचा पट्टा काढायचा. त्यासाठी ‘रेकहो’ नावाचं अवजार असतं: एका बाजूला दाताळं, दुसऱ्या बाजूला कुदळीसारखं पातं. पट्टा तयार झाला की कधीकधी त्याच्या काठावर आपणच आग लावायची. टोटीच्या डब्यातून पेटतं इंधन थेंबाथेंबाने सोडत चालायचं, म्हणजे मोठी आग येईपर्यंत मधलं जळण संपून जातं. हे काम जाणत्यांचं आहे. अंदाज चुकला तर एकाच्या दोन आगी होतात.

टीव्हीवर दिसतात ती विमानं आणि हेलिकॉप्टरं. ती आगीचा जोर मोडतात, वेळ मिळवून देतात. पण विझवतात जमिनीवरची माणसंच. ज्वाळा गेल्यावर खरं काम उरतं. जळके ओंडके उलटायचे, पोकळ बुंध्यांत पाणी सोडायचं, राख उकरायची. राखेत ऊब उरली आहे का हे बघायला हाताची पालथी बाजू जवळ नेतात, कारण तिला उष्णता लवकर कळते आणि भाजलं तरी तळवा कामाचा राहतो. हे दिवसेंदिवस चालतं. निखारा एक राहिला आणि दुपारी वारा सुटला की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

चढ हा दुसरा शत्रू. ढोबळमानाने दर दहा अंशांच्या चढाला आगीचा वेग दुप्पट होतो, कारण ज्वाळा वरच्या गवताला आधीच वाळवत आणि तापवत जातात. मार्च २०१८मध्ये तमिळनाडूत थेनी जिल्ह्यातल्या कुरंगणीच्या डोंगरात गिर्यारोहक गवताळ उतारावर वणव्यात सापडले आणि वीसहून अधिक जणांचा मृत्यू झाला. सह्याद्रीतले आपले उतारही असेच आहेत. फेब्रुवारीपासून गवत वाळतं. कोकणात आणि मावळात राब भाजताना ठिणगी उडते, विदर्भात मोहाची फुलं नीट वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवला जातो, कुठे विडीचं थोटूक पुरतं. वनखातं दर हंगामाआधी जाळरेषा काढतं, हंगामी मजूर नेमतं. १९२७च्या भारतीय वन कायद्याच्या ७९व्या कलमानुसार जंगलात हक्क असलेल्या लोकांवर वणवा विझवायला मदत करण्याचं बंधनही आहे. लोक मदतही करतात. गावातली पोरं, गडांवर प्रेम करणारे ट्रेकर, रात्री डोंगरावर लाल रेघ दिसली की निघतात. त्यांच्या पायांत अनेकदा चपला असतात, अंगात पॉलिस्टरचा टी-शर्ट असतो, जो तापला की वितळून कातडीला चिकटतो. त्यांच्या धैर्याबद्दल शंका नाही. म्हणूनच त्यांना सुती जाड कपडे, बूट, परतीची वाट आधी ठरवण्याची सवय आणि चढाच्या बाजूने आगीला सामोरं न जाण्याचं शिक्षण मिळायला हवं. कायद्याने कर्तव्य सांगायचं आणि शिकवायचं काहीच नाही, हा न्याय नव्हे.

ऑस्ट्रेलियातलं सगळंच चांगलं चाललंय असं मात्र नाही. २०१९-२०च्या ‘ब्लॅक समर’ने या व्यवस्थेला मुळापासून ताणलं. एकट्या न्यू साउथ वेल्समध्ये सुमारे ५५ लाख हेक्टर जळालं, म्हणजे महाराष्ट्राच्या एक-षष्ठांशाहून जास्त क्षेत्र. सुमारे २,४०० घरं गेली. गॉस्पर्स माउंटनची आग ऑक्टोबरच्या अखेरीस वीज पडून सुरू झाली आणि तिनेच पाच लाखांहून अधिक हेक्टर खाल्लं. एरवी ब्रिगेडला वर्षातून काही दिवसांची हाक येते. त्या साली ती महिनोन् महिने येत राहिली.

ऑस्ट्रेलियाच्या कायद्याने अशा कामासाठी रजा घेणाऱ्याची नोकरी जात नाही. पण त्या रजेचा पगार द्यायला मालक बांधलेला नाही. ज्याचं स्वतःचं दुकान आहे त्याचं दुकान बंद राहतं. शेवटी २९ डिसेंबर २०१९ला पंतप्रधान स्कॉट मॉरिसन यांनी दहा दिवसांहून जास्त काम केलेल्या न्यू साउथ वेल्समधल्या स्वयंसेवकांना दिवसाला ३०० डॉलर, जास्तीत जास्त ६,००० डॉलर, भरपाई जाहीर केली. ती घ्यावी की नाही यावर स्वयंसेवकांतच दुमत होतं. पैसे आले की शेजारधर्म जातो, असं काहींना वाटे. पण घराचे हप्ते शेजारधर्मावर फिटत नाहीत, हेही तितकंच खरं आहे. आणि महिनोन् महिने आगीवर राहणाऱ्याचं घर चालणं ही समाजाची जबाबदारी मानायलाच हवी.

त्याच डिसेंबरात, १९ तारखेच्या रात्री, सिडनीच्या नैर्ऋत्येला बक्स्टनजवळ झाड कोसळून टँकर उलटला आणि दोन तरुण स्वयंसेवक गेले. दोघांनाही लहान मुलं होती. ३० तारखेला जिंजेलिकजवळ आगीच्या भोवऱ्याने कित्येक टनांची गाडी उचलून उलथवली. त्यात गेलेल्या तरुणाची पत्नी गरोदर होती. लिंटननंतर शिकलेलं सगळं पाळूनही असं घडू शकतं. पडणाऱ्या झाडाला आणि भोवऱ्याला नियम नसतात.

त्या दिवसांत जगभरातून पैशांचा ओघ सुरू झाला. विनोदी अभिनेत्री सेलेस्ट बार्बर यांनी सुरू केलेल्या निधीत पाच कोटी दहा लाख डॉलरहून अधिक जमले. पण ज्या विश्वस्त निधीच्या नावे ते जमा झाले, त्याच्या घटनेनुसार ते न्यू साउथ वेल्सच्या ब्रिगेडसाठीच वापरता येत होते. जळालेल्या गावांना किंवा प्राण्यांना ते देता येणार नाहीत, असा निकाल मे २०२०मध्ये न्यायालयाने दिला. अनेक देणगीदार हिरमुसले. प्रशिक्षण, साधनं आणि मृत वा जखमी स्वयंसेवकांची कुटुंबं यांच्यासाठी मात्र त्या पैशाची वाट मोकळी राहिली.

ग्रामीण ऑस्ट्रेलियात ब्रिगेडची माणसं म्हातारी होत चालली आहेत, तरुण शहरांकडे जात आहेत. उलट शहरं रानापर्यंत आली आहेत. मेलबर्नच्या पश्चिमेला टारनीट, ट्रुगनिना या उपनगरांत भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे, आणि वस्तीच्या पलीकडे लागलीच वाळलेल्या गवताचं माळरान सुरू होतं. गवताची आग जंगलाच्या आगीपेक्षाही वेगाने धावते. ज्यांच्या परसापलीकडे हे माळरान आहे त्यांच्यातून उद्याचे स्वयंसेवक उभे राहिले तरच तिथली ब्रिगेड टिकेल.

फेब्रुवारी २०२०च्या दुसऱ्या आठवड्यात न्यू साउथ वेल्समध्ये मुसळधार पाऊस आला. आगी आटोक्यात आल्याची घोषणा झाली, तरी पथकं परतली नाहीत. ओंडके उलटणं आणि राख चाचपणं चालूच राहिलं. २ मार्चला रूरल फायर सर्व्हिसने कळवलं की राज्यात आज एकही वणवा पेटता नाही. २४० दिवसांहून अधिक काळानंतर असा दिवस उगवला होता. ब्रिगेडच्या शेडमध्ये टँकर धुऊन उभे केले गेले, टाक्या काठोकाठ भरल्या गेल्या, आणि मंडळी आपापल्या कामावर गेली.