निबंधावर मिळणारी अंमलदारी

चीनमध्ये निबंधलेखनाला आज बक्षीस मिळते. एकेकाळी अंमलदारी मिळत असे. सुई राजवटीत सुरू झालेली राजपरीक्षा १९०५ मध्ये बंद झाली. मिंग आणि छिंग काळात निबंधाचा विषय कन्फ्यूशियसच्या परंपरेतील ‘चार ग्रंथां’तून येई आणि मांडणी आठ ठरावीक भागांतच करावी लागे. या साच्यात स्वतंत्र विचार गुदमरतो, अशी टीका तेव्हाही होई. ती खोटी नव्हती.

नानजिंगच्या परीक्षागृहात वीस हजारांहून अधिक कोठड्या होत्या. प्रत्येकीत दोन फळ्या: दिवसा एक बसायला, एक लिहायला, रात्री दोन्ही जोडून त्यावरच आडवे व्हायचे. उमेदवार शिधासामान घेऊनच आत जात. काळ्या शाईतली उत्तरपत्रिका कारकून लाल शाईत उतरवून काढत आणि परीक्षकापुढे ती नक्कलच जाई. अक्षर ओळखून कुणाची वर्णी लागू नये म्हणून हा खटाटोप. तरीही कपड्यांच्या अस्तरावर मुंगीएवढ्या अक्षरांत ग्रंथ लिहून आणणारे महाभाग होतेच!

विद्यापीठ प्रवेशासाठीच्या आजच्या ‘गाओकाओ’ परीक्षेत बहुतेक ठिकाणी चिनी भाषेच्या १५० पैकी ६० गुण एकट्या निबंधाला असतात.